शर्यतीच्या आरडी ३५०ला एरंडेल की सिंथेटिक?

रिंगमास्टर_पुणे:
माझं मत आधीच मांडतो. शर्यतीसाठी बांधलेल्या राजदूत ३५०ला, म्हणजे यामाहा आरडी ३५०च्या आपल्याकडच्या आवृत्तीला, एरंडेल असलेलं रेसिंग ऑइलच घालावं, आणि तेही पेट्रोलमध्ये मिसळून. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली ही गाडी: ३४७ सीसी, टू-स्ट्रोक (म्हणजे वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच जळतं), दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारी. एचटी (हाय टॉर्क) मॉडेलची ताकद ३०.५ बीएचपी, एलटीची (लो टॉर्क) २७. कंपनीचा ऑटोल्यूब पंप (वेगळ्या टाकीतून इंजिनाला तेल देणारा) रस्त्यासाठी उत्तम आहे, थ्रॉटल आणि आरपीएम दोन्ही बघून तेल सोडतो. पण पोर्ट (सिलिंडरमधली वायूची दारं) मोठे केले, एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचे फुगीर सायलेन्सर) लावले आणि इंजिन मूळ मर्यादेच्या वर फिरवलं, की पंपाचं माप त्या इंजिनाला लागू राहत नाही.

एरंडेलात जवळपास ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं आणि त्याचा रेणू धातूला धरून बसतो. साधं खनिज तेल ज्या तापमानाला जळून जातं, तिथे एरंडेल दाट होत जातं आणि पिस्टन-बोअरमधला थर टिकवतं. लांब सरळीवर मिश्रण जरा लीन झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन फुगायला लागला, तर क्लच दाबायला जो क्षणभर वेळ लागतो तो हेच तेल देतं. कॅस्ट्रॉल ए७४७ सारखं एरंडेल-सिंथेटिक मिश्रण २५ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. एवढ्यावर मी ठाम आहे.

एस्टरप्रेमी:
पूर्ण असहमत. धातूला धरून बसणं ही एकट्या एरंडेलाची मिरास नाही. एस्टर सिंथेटिकचा रेणूही ध्रुवीय असतो, तोही तसाच धरतो, वर मागे चिकट राळ सोडत नाही. एरंडेल दाट होतं हा तुम्ही गुण सांगताय, पण तीच राळ पिस्टनच्या रिंगेच्या खाचेत बसते. रिंग अडकली की कॉम्प्रेशन गेलं, गरम वायू स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) उतरले आणि ज्या सीझिंगला (पिस्टन बोअरमध्ये पकडण्याला) तुम्ही घाबरत होता तेच झालं. जुने रेसर एरंडेल वापरत, कारण तेव्हा तेच सर्वांत चांगलं मिळत होतं. आज मोतुल ८०० सारखी एस्टर तेलं मिळतात. गाडी जुनी आहे म्हणून तेलही जुनंच हवं, हे मला पटत नाही.

कोल्हापूर_टूटी:
दोघंही तेलाच्या जातीवर भांडताय, प्रमाणावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे बोअरिंगला येणाऱ्या गाड्यांत निम्मा घोळ जेटिंगचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रांच्या मापाचा असतो. "शर्यत आहे, जरा तेल वाढवू" म्हणून ३२ला १ चं २०ला १ करतात. लिटरला ३१ मिलीवरून ५० मिलीवर गेलात, म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी गेलं. मिश्रण लीन झालं! तेल दाट असेल तर जेटमधून वाहतंही कमी. प्रमाण किंवा तेल बदललं की मेन जेट नव्याने लावा, फुल थ्रॉटलवर किल स्विच मारून प्लग बघा. एवढं केल्याशिवाय कुठल्याही डब्याला दोष देऊ नका.

रिंगमास्टर_पुणे:
दादा, हे शंभर टक्के मान्य. एस्टरप्रेमी, रिंगांचं म्हणाल तर रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला मीही एरंडेल घालणार नाही. शर्यतीचं इंजिन तसंही प्रत्येक मोसमात उघडतं, रिंगा काढून खाचा साफ करता येतात. पकडलेला पिस्टन मात्र साफ करून परत येत नाही, आणि आरडीचे चांगले पिस्टन आज शोधावे लागतात. मला तो धोका नको.

एस्टरप्रेमी:
टू-स्ट्रोक तेलांचा जपानी दर्जा, जासो एफडी बघा. स्वच्छतेत तो वर्ग सगळ्यात वरचा आहे.

रिंगमास्टर_पुणे:
वंगण आणि स्वच्छतेची जासो चाचणी होंडाच्या छोट्या स्कूटर इंजिनावर होते. धूर कमी आणि सायलेन्सर मोकळा हे शहरात महत्त्वाचं. सलग उघड्या थ्रॉटलवर काय होतं याबद्दल तो शिक्का फार काही सांगत नाही.

नवखा_नाशिक:
काका लोकहो, आपल्या देशात एरंड जगात सगळ्यात जास्त पिकतो, गुजरातेतून तर ढिगाने येतो. मग घाण्याचं शुद्ध एरंडेल आणून मिसळलं तर?

कोल्हापूर_टूटी:
अजिबात नको रे. रेसिंगसाठीचं एरंडेल डिंक काढून घेतलेलं असतं, त्यात ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं असतात. घाण्याचं तेल थंड पेट्रोलमध्ये नीट विरघळतही नाही, टाकीच्या तळाशी बसतं. मग एका सिलिंडरला नुसतं पेट्रोल जाणार.

जुना_पंपवाला:
पंप काढून टाकण्याला माझा कायम विरोध राहील. सरळीच्या शेवटी थ्रॉटल पूर्ण बंद करता, इंजिन मात्र आठ-नऊ हजारावर फिरत असतं. मिश्रण वापरत असाल तर त्या वेळी पेट्रोलबरोबर तेलही जवळपास बंद. पंप इंजिनाबरोबर फिरतो, थोडं का होईना तेल देत राहतो. पंप ठेवा, त्यात एस्टर तेल भरा, आणि टाकीत वरून हलकं मिश्रण द्या. तेल त्याच जातीचं.

एस्टरप्रेमी:
हा मार्ग एरंडेलाला बंद आहे, कारण एवढं दाट तेल थंडीत पंपाच्या बारीक नळीतून नीट येत नाही. आणि ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं काय?

रिंगमास्टर_पुणे:
उलट एरंडेल इथेनॉलमध्ये सहज विरघळतं, तक्रार असेल ती पाण्याची. ई२० हवेतली ओल ओढतं, ओल वाढली की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. म्हणून मिश्रण त्याच सकाळी करा, उरलेलं ठेवू नका. हे एस्टरवाल्यांनाही लागू आहे. पंपाच्या मुद्द्यावर मात्र विचार करायला हवा. बंद थ्रॉटलचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की ब्रेकिंगला क्लच दाबून थ्रॉटलला एक झटका द्यायचा. सगळ्यांना ते जमत नाही.

जुना_पंपवाला:
तेच तर म्हणतोय. रायडर दमल्यावरही पंप चालूच असतो.

कोल्हापूर_टूटी:
नवख्यासाठी दोन गोष्टी. गिअरबॉक्सचं तेल वेगळं आहे, तिथे यातलं काही घालू नकोस. क्लच ओला आहे, जासो एमए शिक्क्याचं १०डब्ल्यू-३० घाल. गाडीच्या इंजिनाचं पेट्रोल वाचवणारं तेल घातलंस तर क्लच घसरेल. आणि एका पंथातून दुसऱ्या पंथात जाणार असशील तर टाकी, नळ्या, कार्ब्युरेटर धुऊन काढ. एरंडेल आणि खनिज तेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांचा लगदा होतो आणि तो आधी पायलट जेटमध्ये जाऊन बसतो.