कूपन चाललं नाही म्हणून कॅशियरवर ओरडले, आता काय करू?

प्रतापनगरची_सून:
नमस्कार मंडळी, खूप मनाला लागलंय म्हणून लिहून राहिली. आम्ही महिन्याचा किराणा सुपरमार्केटमधूनच भरतो. मागच्या रविवारी संध्याकाळी ट्रॉली भरून काउंटरवर गेलो, बिल २,३४० झालं आणि माझ्या मोबाइलवर कूपनचा मेसेज होता, २,००० च्या वर खरेदी केली की २०० कमी. मशीनने घेतलंच नाही. ती पोरगी म्हणाली मॅडम, तेल आणि साखर ह्या ऑफरमध्ये धरत नाही, ते सोडून तुमचे १,७०० च होतात. मी म्हटलं मेसेजमध्ये कुठे लिहिलंय असं, ती म्हणाली खालच्या लिंकमध्ये अटी आहेत, मागे लाइन वाढून राहिली होती, सासूबाई म्हणाल्या ह्यांना काही येतच नाही, आणि मग मीही आवाज चढवला, "तुम्ही लोकं फसवता" असं सगळ्यांसमोर बोलले. वरून दोन वस्तू काढायला लावल्या, त्यासाठी तिला सुपरवायझरला बोलवावं लागलं आणि त्याने आमच्यासमोरच तिला झापलं. तिचे डोळे भरून आले होते. वीस-बावीस वर्षांची असेल.

घरी येऊन लिंक उघडली तर अट होती तिथे. रात्रभर झोप नाही. जाऊन माफी मागू का, की तिला अजूनच अवघडल्यासारखं होईल? आणि तुम्ही कूपन घेऊन जाता तेव्हा काय काळजी घेता?

काउंटर_नंबर_४:
ताई, मी नागपूरला बर्डीवर तीन वर्षं कॅशवर होते म्हणून सांगते. कूपन घ्यायचं की नाही हे आमच्या हातात नसतंच, स्कीम वरून मशीनमध्ये येते, अट बसली नाही तर ती घेतच नाही, आम्ही कितीही बटणं दाबली तरी. एकदा स्कॅन झालेली वस्तू काढायची तर सुपरवायझरचा पासवर्ड लागायचा, आणि बिल जास्त वेळा कॅन्सल झाले की संध्याकाळी विचारणा आमचीच. ड्यूटी संपली की गल्ला मोजून द्यायचा, कागदी कूपनंसुद्धा त्यातच मोजायची, एक हरवलं की तेवढे पैसे कमी, आणि आमच्याकडे ते आम्हालाच भरावे लागायचे.

त्यामुळे सगळ्यात बरं गिऱ्हाईक कोण, तर पहिली वस्तू ठेवायच्या आधीच "माझ्याकडे कूपन आहे, बघता का" म्हणणारं. आमच्या मशीनवर डिस्काउंट कूपन टोटलच्या आधी टाकावं लागायचं आणि गिफ्ट व्हाउचर पैसे घेताना, पैसे घेऊन झाल्यावर कोणी कूपन काढलं की अख्खं बिल पुन्हा. ओटीपी यायचा असेल तर लाइनमध्ये लागायच्या आधी नेटवर्क बघून घ्या, आत खूपदा रेंज नसते. आणि फोनवर बोलत बोलत कार्ड पुढे करू नका हो, आम्ही तिथे असतो ना. माफी नक्की मागा. मला तीन वर्षांत कोणीच मागितली नाही.

ग्राहक_जागा_हो:
पोरीवर ओरडणं चूकच, पण दुकानाला सोडू नका. मोठ्या अक्षरात २०० कमी आणि तेल-साखर नाही हे लिंकच्या आत, हे बरोबर नाही. २०२२ मध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढलेत, अट दाव्याच्याच भाषेत आणि ठळक दिसेल अशी द्यायची, महत्त्वाची माहिती लपवायची नाही. राग असेल तर मॅनेजरला लेखी द्या नाहीतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मेसेज काउंटरवरच्या पोरीने लिहिलेला नसतो, तिला तर त्या दिवशीची ऑफर सकाळी कळते कधीकधी.

रिटायर्ड_काका_महाल:
बेटा, मी नोकरीत होतो तेव्हा कंपनी कागदी सोडेक्सो, म्हणजे खाण्यापिण्याची कूपनं, द्यायची, २०१७ पर्यंत ते चालले. त्यावर सुटे परत मिळत नसत म्हणून लोकं काउंटरवर उभी राहून दहा रुपयाचं चॉकलेट घेऊ की बिस्किट घेऊ करत बसायची, आणि तो पोरगा एकेक कूपन मोजून शिक्के मारायचा. मी बी केलंय ते, मागच्या लोकांचा विचार नाही केला कधी. आता मी मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला जातो, गर्दी नसते, कूपनची तारीख घरीच बघतो.

अजून एक. ही लेकरं आठ-नऊ तास उभी असतात. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यायची म्हणून कायदा बदलला. आपल्याकडे अजून कित्येक काउंटरमागे साधा स्टूल नाही दिसत. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बसला लटकून येतात अन् दिवसभर उभे. आपल्याले दहा मिनिटं लाइनमध्ये जड जातात.

प्रतापनगरची_सून:
काका, तुमचं ऐकून आज मंगळवारी अकरालाच गेले. ती त्याच काउंटरवर होती, मला बघून एकदम गप्प झाली. मी सरळ म्हटलं, त्या दिवशी मी चुकले, अट मीच वाचली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्ही कम्प्लेंट करायला आल्या." मग मॅनेजरला भेटले, सांगितलं की तिची काही चूक नव्हती आणि अट मेसेजमध्येच लिहा, तसं कागदावर लिहूनही दिलं. सासूबाईंनाही सांगितलं मी काय करून आले, त्या काही बोलल्या नाहीत. निघताना त्या पोरीनेच हाक मारली, म्हणाली तुमचं ते कूपन महिनाअखेरपर्यंत आहे, डाळ-तांदूळ त्यात धरतात, पुढच्या वेळी आधी दाखवा, मी जुळवून देते.