पुणे स्टेशनवर गाडी बदलताना

परवा माळ्यावरचा जुना होल्डॉल टाकून द्यायला काढला, तर आतल्या कप्प्यात पुठ्ठ्याचं एक तिकीट निघालं. पुणे ते कराड, तिसरा वर्ग, अर्धं. अर्धं म्हणजे माझंच. कराडला गेटवर ते गोळा कसं झालं नाही, हे कोडंच आहे.

तरुण मंडळींसाठी एवढंच सांगतो. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, तोवर पुणे स्टेशनात दोन मापांचे रूळ होते. मुंबई, सोलापूर, मद्रासकडचे १६७६ मिमीचे, म्हणजे ब्रॉडगेज. मिरज, बेळगाव, बंगळूरकडचे बरोबर एक मीटरचे, म्हणजे मीटरगेज, छोटी गाडी. मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला पुण्यात उतरून दुसऱ्या गाडीत चढावंच लागे. त्या मधल्या तास-दोन तासांबद्दल, कधी अख्ख्या रात्रीबद्दल, या धाग्यावर लिहा. गाड्यांचे नंबर आणि वेळा नकोत. तुम्ही तिथे काय केलंत ते सांगा.

गिरगावातला कोल्हापूरकर

दर मे महिन्यात आई आम्हा चौघांना घेऊन माहेरी निघायची. एक ट्रंक, दोन वळकट्या, फिरकीचा तांब्या, आणि दशम्यांचा डबा जो पुण्याच्या आधी उघडायचा नाही असा कडक नियम. पुण्यात गाडी थांबायच्या आत हमाल दांड्याला लटकलेले असायचे. आई हमालाशी घासाघीस करायची आणि आम्ही त्याच्या दंडावरच्या पितळी बिल्ल्याचा नंबर पाठ करायचो. थोरल्या भावाने एकदा नंबर उलटा सांगितला, तर आईने ट्रंक दिसेपर्यंत त्याच्या पाठीत दोन घातले आणि दिसल्यावर आणखी एक.

छोट्या गाडीत जागा धरायचं काम माझं, कारण मी सगळ्यात बारीक. खिडकीतून आत ढकलायचे. मग बाकावर आडवं पडायचं आणि कोणी काही म्हणालं तर रडायला लागायचं. हे शेवटचं आईनेच शिकवलेलं. मोठ्या गाडीतून आल्यावर तो डबा खेळण्यातला वाटायचा, पण कोळशाचा वास आला की आजोळ सुरू झालं असं आम्ही धरायचो.

वाठारचा पाव्हणा

आमी उलट्या बाजूचे. वाठार स्टेशनला बसायचं आन् पुण्याला उतरायचं. आमच्या गाडीला वाफेचं इंजिन, त्यामुळं पुण्यात उतरलेला माणूस डोळ्यातला कोळशाचा कण काढत उतरायचा. सोमवतीला तर जेजुरीत अशी गर्दी चढायची की पुण्याला डबा पिवळा होऊन पोचायचा. बाकावर भंडारा, टोपीत भंडारा, आमच्या म्हातारीच्या पानाच्या चंचीत भंडारा.

पहिल्यांदा आलो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. चुलते म्हणाले, चल तुला मुंबईचं इंजिन दावतो. बघतो तर काय, धूर नाही, भट्टी नाही, शिट्टी बी बेताची. एक लांबडी खोली उभी. मी म्हणालो, ह्यो डबाच हाय, इंजिन कुठाय? चुलत्यांनी ही गोष्ट मरेस्तोवर पाव्हण्यारावळ्यांत सांगितली. मुंबई-पुणे लाईन विजेवर १९३० च्या आसपासच गेली होती म्हणे, म्हणजे आमच्या गावात दिवा यायच्या कितीतरी आधी. मालगाडीचं जे पुढं-मागं नाक असलेलं इंजिन होतं, त्याला लोक ‘खेकडा’ म्हणायचे. ते मात्र आवडलं.

जुना पासवाला

धागा गाडी बदलण्याचा आहे, आणि आमच्या वडिलांनी बदलली ती गाडी नव्हे, इयत्ता. दख्खनची राणी १९३० पासून धावत होती, पण तिच्यात तिसरा वर्गच नव्हता. तो आला जून १९५५ मध्ये. तोवर वडील सोमवारी पहाटे साध्या गाडीने मुंबईला जात आणि राणी त्यांना मागे टाकून पुढे निघून जाई. तिसरा वर्ग लागल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिचं तिकीट काढलं. आईने इस्त्रीचा शर्ट दिला, जणू लग्नाला चाललेत. संध्याकाळी आम्ही विचारलं, कशी होती? म्हणाले, “बसायला लाकूडच.” तरी पुढची वीस वर्षं तीच गाडी.

रेल्वे क्वार्टरमधली मुलगी

सगळे माणसांबद्दल लिहितायत म्हणून मी मालाबद्दल लिहिते. माणूस आपल्या पायांनी उतरून चढतो, गुळाच्या ढेपेला कोणी चढवायचं? मीटरगेजची वाघीण, म्हणजे मालडबा, ब्रॉडगेजवर चालणार नाही, त्यामुळे एका वाघिणीतून काढायचं आणि दुसरीत भरायचं, सगळं माणसांच्या पाठीवर. कोल्हापूरकडचा गूळ आला की यार्डात गांधीलमाश्या आणि डोंगळे आधी पोचायचे. पाठीवरच्या गोणपाटाला चिकटलेला चुरा हमाल आम्हा पोरांना द्यायचे. वडील ट्रान्सशिपमेंटचे कागद लिहायचे, त्यांच्या बाह्यांना गुळाचा वास यायचा. त्या कागदांत ‘वाटेत फुटले’ असा शेरा किती वेळा पडायचा याबद्दल मी काही बोलणार नाही.

आणखी एक. पुण्याच्या पुढे सोलापूरकडे वीज नव्हती. म्हणून मद्रासच्या गाडीचं विजेचं इंजिन इथे सुटायचं आणि वाफेचं लागायचं. ते मागे येऊन डब्याला भिडलं की क्वार्टरमधली भांडी वाजायची. आई म्हणायची, मद्रास लागली, कुकर लाव.

मडगाव

माझी आई मडगावची, दिली दादरला. मुंबईहून पुणे, पुण्याहून छोट्या गाडीने लोंढा, तिथून कॅसलरॉक आणि मग पोर्तुगीज हद्दीत कुळे. कॅसलरॉकला आपलं कस्टम, कुळ्याला त्यांचं. तिच्या लेखी खरी भीती तिथे होती, पुण्यात नव्हती. पुण्यात ती निवांत असायची. बायकांच्या वेटिंग रूममध्ये अंघोळ, धुतलेलं लुगडं, आणि आजीसाठी घेतलेल्या वस्तू पुन्हा एकदा कपड्यांच्या घड्यांत नीट दडवणं. दडवायचं काय, तर स्टीलचे चार डबे.

१९५५ मध्ये गोव्याची गाडी बंद झाली. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. मधली सहा वर्षं आईने तिची आई पाहिली नाही. त्या काळात एकदा आम्ही एका लग्नाला पुण्यात आलो होतो. परतताना आई न सांगता मीटरगेजच्या फलाटावर गेली आणि उभी राहिली. बाबा शोधत आले. ती म्हणाली, “काही नाही, गाडी बघत होते.”

सध्या सांगली

आमची रात्र गेली ती वहिनीच्या तान्ह्या बाळामुळे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात न्यायचं होतं आणि मुंबईची गाडी इतकी उशिरा पोचली की छोटी निघून गेलेली. दादा चौकशीच्या खिडकीवर भांडला, खिडकी बंद झाली. फलाटावर वळकटी पसरली. शेजारी बेळगावला निघालेल्या एक बाई होत्या. मराठी अर्धी, कानडी अर्धी. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं ते पहाटेपर्यंत खाली ठेवलं नाही, आणि वहिनी हॉस्पिटलचं नाव निघाल्यापासून पहिल्यांदा झोपली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. बाळ आता साठीला आलंय, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतं.

गिरगावातला कोल्हापूरकर

मडगावच्या ताईंचं वाचलं आणि एक राहिलेलं आठवलं. ७१ नंतर कोल्हापूरहून मुंबईला थेट गाडी सुरू झाली. आम्ही मोठे झालो होतो, आई-बाबा आणि मी असे तिघेच होतो. रात्री पुणे आलं तसा डब्यात खडखडाट ऐकू आला. उठून पाहतो तर आईने वळकटी बांधून पट्टा आवळला होता, तांब्या हातात, चपला पायात, आणि ट्रंकेवर बसून दाराकडे बघत होती. बाबा वरच्या बाकावरून म्हणाले, “अगं झोप, आता उतरायचं नाही.” ती “हो, हो” म्हणाली आणि गाडी हलेपर्यंत तशीच बसून राहिली.