मदत हवी आहे: बुद्धिबळ क्रीडाप्रकारात बसतं, हे कसं पटवून देऊ?
नमस्कार मंडळी. माझी मुलगी बुद्धिबळ खेळते. शाळेच्या क्रीडा पुरस्कारासाठी तिचं नाव दिलं, तर ‘यात शारीरिक श्रम नाहीत’ म्हणून अर्ज परत आला. फार वाईट वाटलं. गेल्या स्पर्धेत चार तासांच्या डावाच्या शेवटी तिचा हात इतका थरथरत होता की स्कोअरशीटवर चाली धड लिहिता येत नव्हत्या.

आता पुन्हा अर्ज करतेय आणि निकषापाशीच अडकलेय. नुसते श्रमच मोजायचे तर ओझी वाहणंही क्रीडाप्रकार ठरेल. नेमबाजीत शरीर जितकं स्थिर तितकं चांगलं, तरी ती १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून मान्य आहे. उलट १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये चित्रकला-शिल्पकलेलाही पदकं होती. पण तेवढ्यावरून कुणी त्यांना खेळ म्हणत नाही. १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली, हे लिहिणारच आहे. पण मान्यता मिळाली हे काही कारण झालं नाही ना?

मला ठरलेले नियम, समोरचा प्रतिस्पर्धी आणि सरावाने कमावलेलं कौशल्य महत्त्वाचं वाटतं. या हिशोबाने पत्त्यांतलं ब्रिजही आलं, आणि ते मला मान्य आहे. पण शरीराच्या मुद्द्याला उत्तर काय देऊ? कुणी क्रीडाशिक्षक किंवा पंच असाल तर कृपया सांगा. अर्ज शुक्रवारी द्यायचाय.