गेटवेच्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये चढणे: तरंगता धक्का हवा, की आधी शिस्त हवी?

मांडवेकर

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला किंवा घारापुरीला ज्यांनी लाँचने प्रवास केला आहे, त्यांना पुढील दृश्य परिचित असेल. लाँच दगडी पायऱ्यांना टेकते, एक खलाशी दोर कडीतून ओवून हातानेच ताणून धरतो, दुसरा प्रवाशांचे दंड धरून त्यांना एकेक करून आत घेतो, आणि हे सारे चालू असताना लाँच वर-खाली होतच असते. पायरी आणि लाँचची कड यांच्यातले अंतर एका क्षणी वीतभर असते, तर पुढच्या क्षणी हातभर होते. गर्दीच्या दिवशी धक्क्याला लाँचच्या दोन-तीन रांगा लागतात आणि एका हलत्या लाँचमधून दुसऱ्या हलत्या लाँचमध्ये पाऊल टाकत जावे लागते.

दोन वर्षांपूर्वी माझी सत्तरीतली आई एका धक्क्यावर अशीच उतरत असताना लाँच मागे सरली आणि लगेच पुन्हा पुढे आली. आईचा पाय पायरी आणि लाकडी फळ्या यांच्यामध्ये सापडला. नेमक्या त्या जागी जुना टायर बांधलेला होता, म्हणून हाड वाचले. त्या खलाशाला मी दोष देत नाही. त्याने तिला ज्या चपळाईने वर उचलले, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. परंतु रोज हजारो माणसांची चढ-उतार खलाशांच्या मनगटांतील बळावर सोपवायची, ही व्यवस्था मला मान्य नाही.

अडचणीचे मूळ साधे आहे. दगड जागचा हलत नाही आणि पाणी स्थिर राहत नाही. मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. उधाणाच्या दिवसांत त्यांच्यातील फरक चार मीटरांहून अधिक असतो, म्हणजे जवळजवळ सव्वा मजला. गेटवेची वास्तू १९२४ मध्ये खुली झाली. तेथील पायऱ्या छोट्या होड्यांसाठी ठीक होत्या, पण आजच्या गर्दीला त्या पुरत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे तरंगता धक्का. खांबांच्या आधाराने पाण्याबरोबर वर-खाली होणारा तराफा असेल, तर त्याची कड आणि लाँचची कड दिवसभर एकाच उंचीवर राहतात. मांडव्याच्या बाजूला अशी सोय झालेलीच आहे. पावसाळ्याच्या लाटांत तराफा टिकणार नाही, असे म्हटले जाते. परंतु पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंदच असतात. त्या काळात तराफा ओढून आडोशाला नेऊन ठेवता येईल. पलीकडच्या किनाऱ्यावर जे जमले, ते अलीकडच्या किनाऱ्यावर का जमू नये?

जुना तांडेल

मांडवेकर, आपल्या आईंना जो त्रास झाला त्याचे मला मनापासून वाईट वाटते. मी स्वतः अनेक वर्षे लाँच चालवली आहे आणि अशा प्रसंगी सुकाणूवरच्या माणसाच्या काळजाचे काय होते, हे मला ठाऊक आहे. तरीही तराफा आणला की प्रश्न मिटेल, हे आपले म्हणणे मला पटत नाही.

लाँच धक्क्याला लावताना धोका तीन गोष्टींनी वाढतो. पहिली गोष्ट म्हणजे वेग. आमच्या बहुतेक लाँचना एकच पंखा असतो. तो उलटा फिरवून लाँच थांबवायला गेले की तिचा मागचा भाग एका बाजूला ओढला जातो. कोणत्या बाजूला, हे पंखा कोणत्या दिशेने फिरतो त्यावर ठरते. जाणता तांडेल आपल्या लाँचची ही खोड ओळखून आधीच योग्य बाजू धक्क्याकडे करतो, पाण्याच्या ओढीच्या, म्हणजे प्रवाहाच्या, समोरून हळू येतो आणि पाण्यालाच लाँच थांबवू देतो. घाईतला तांडेल जोरात येतो आणि शेवटच्या क्षणी इंजिन उलटे टाकतो. अशी लाँच दगडाला जशी आपटते, तशीच तराफ्यालाही आपटेल.

दुसरी गोष्ट दोरांची. पुढचा आणि मागचा दोर बांधला, तरी लाँच धक्क्यालगत पुढे-मागे सरकत राहते. तिचे पुढे सरकणे थांबवण्यासाठी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे जाणारा एक तिरपा दोर आधी बांधावा लागतो. त्याला अर्धा मिनिट जास्त लागतो, आणि मागे दुसरी लाँच शिट्टी देत उभी असल्यामुळे तेवढा वेळ कोणी देत नाही. आईंच्या बाबतीत लाँच मागे सरून पुन्हा पुढे आली, असे आपण लिहिले आहे. तो तिरपा दोर असता, तर ती तशी पुढे आली नसती, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रवासी. किनारा जवळ दिसला की सगळे उठून एकाच बाजूला गर्दी करतात, लाँच त्या बाजूला कलते आणि अंतराचा अंदाज चुकतो. दोर बांधून होईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, एका लाँचवरून दुसरीवर प्रवासी न्यायचे नाहीत आणि धक्क्याजवळून वेगाने जाणाऱ्या स्पीडबोटींना आवर घालायचा, एवढे केले तरी बहुतेक अपघात टळतील. हे उद्या सकाळपासून सुरू करता येते.

मांडवेकर

तांडेलसाहेब, तिरप्या दोराबद्दल आपण लिहिलेले वाचून मला त्या दिवशी नेमके काय घडले असेल, हे प्रथमच कळले. त्याबद्दल आभार. पण आपले तिन्ही उपाय प्रत्येक फेरीला, प्रत्येक माणसाने, न चुकता पाळण्यावर अवलंबून आहेत. धक्का एकदा नीट बांधला की तो कंटाळत नाही. शिवाय चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने काय करायचे? तिरपा दोर कितीही चांगला बांधला, तरी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून त्याला उचलूनच न्यावे लागणार. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. वाहतुकीची साधने आणि स्थानके सर्वांना वापरता आली पाहिजेत, हे त्यात स्पष्ट आहे.

आराखडा

मी बंदर बांधणीच्या क्षेत्रात काम केले आहे आणि तरंगत्या धक्क्याच्या बाजूचा आहे. पण मांडवेकर समजतात तितके ते सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे.

अशा चर्चेत नेहमी कोचीच्या वॉटर मेट्रोचा दाखला दिला जातो. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेत तरंगते धक्के आणि बोटी एकाच पातळीवर असतात आणि चाकाची खुर्ची विनासायास आत जाते. ती व्यवस्था उत्तम आहे, परंतु कोचीच्या शांत खाडीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईत तो चौपट आहे. तराफा पाण्याबरोबर खाली जातो तेव्हा किनाऱ्यावरून त्यावर उतरणारा पूलही तिरपा होतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बाराला एक असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. एक मीटर उतरायला १२ मीटर लांबीचा पूल पुरतो, तर चार मीटर उतरायला ४८ मीटर लागतात. पूल निम्म्या लांबीचा ठेवला, तर ओहोटीला तो इतका उभा होतो की सामान घेतलेला धडधाकट माणूसही कठडा धरूनच उतरेल. म्हणजे पायऱ्यांवरची अडचण आपण पुलावर नेऊन ठेवली, एवढेच होईल.

दुसरा मुद्दा आडोशाचा. मांडव्याला तराफा टिकतो, कारण तेथे लाटा अडवणारी भिंत आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्यांसह प्रवासी नेणाऱ्या जहाजाची, सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि हवामान साथ देईल तेव्हा ती पावसाळ्यातही चालते. त्यात मोठ्या जहाजाचा वाटा आहे, तसाच त्या भिंतीचाही आहे. कुलाब्याच्या भूशिरामुळे गेटवेला पश्चिमेच्या लाटांपासून बराचसा आसरा मिळतो, हे खरे. पण येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांनी उठवलेल्या लाटा तेथे दिवसभर असतात. तराफा हलका असेल तर तो लाँचइतकाच नाचेल, आणि दोन नाचणाऱ्या कडांमध्ये पाय टाकणे हे एका नाचणाऱ्या कडेपेक्षा अधिक धोक्याचे आहे. म्हणून तराफा जड, रुंद आणि खोल बुडणारा हवा. अशा जड तराफ्याला दर जूनमध्ये ओढून नेणे आणि सप्टेंबरमध्ये परत बसवणे यालाही खर्च आहे. तो खर्च करावा असेच माझे मत आहे; मात्र तो दरवर्षी करावा लागेल, हे आधीच मान्य करून निधीची तरतूद करावी. नाहीतर एका पावसाळ्यात तराफा तसाच राहील, त्याची साखळी तुटेल आणि पुढची दहा वर्षे लोक म्हणतील की मुंबईत तरंगता धक्का चालत नाही.

कुलाब्याची रहिवासी

गेटवेजवळच रेडिओ क्लबच्या परिसरात नवा प्रवासी धक्का बांधण्याचा महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा, म्हणजे राज्याच्या बंदर मंडळाचा, प्रकल्प या चर्चेत कोणी मांडला नाही, याचे आश्चर्य वाटते. आम्हा रहिवाशांपैकी अनेकांनी त्याला विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही अटी घालून प्रकल्पाला मोकळीक दिली. प्रवाशांनी सुरक्षितपणे चढावे-उतरावे, याला आमच्यातील कोणाचाही विरोध नव्हता. विरोध होता तो सुरक्षिततेच्या नावाखाली गाड्या उभ्या करण्याची जागा आणि प्रेक्षागार असे सगळे समुद्रात उभे करण्याला. प्रेक्षागृहासारखी बैठक करमणुकीसाठी वापरू नये, ती प्रवाशांच्या प्रतीक्षेसाठीच असावी, अशी अट न्यायालयानेही घातली आहे. पाऊल टाकण्याची जागा सुरक्षित करायला जेवढे बांधकाम लागते तेवढेच करा, असे म्हणणाऱ्यांना विकासाचे शत्रू ठरवले गेले, याचे दुःख आजही आहे.

मांडवेकर

ताई, बांधकाम आटोपशीर असावे हे मला मान्य आहे. मात्र गाड्यांची सोय नको म्हटले, तर म्हाताऱ्या माणसांनी धक्क्यापर्यंत यायचे कसे, याचेही उत्तर हवे. ज्यांची घरे त्या रस्त्यावर आहेत त्यांची गैरसोय आणि जे रोज त्या पायऱ्यांवर पाय घसरण्याची भीती बाळगतात त्यांची गैरसोय, या दोन्हींचे वजन मी सारखे धरू शकत नाही.

उरणची लेक

तुम्ही सर्वजण गेटवेबद्दल तळमळीने लिहीत आहात, परंतु याच बंदराच्या पूर्वेला मोरा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँच उरणकरांच्या कितीतरी पिढ्यांनी वापरल्या. ज्या भाऊ अजिंक्यांच्या नावाने तो धक्का ओळखला जातो, त्यांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधला. कोकणच्या प्रवाशांना चिखलातून होडीपर्यंत जावे लागू नये, ही त्यामागची निकड होती. आज मुंबईच्या बाजूला तो चिखल उरला नाही. तो आमच्या बाजूला आहे. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. नोकरीवरून परतणारी बाई भाऊच्या धक्क्यावर पाणी चढण्याची वाट पाहत बसते. गाळ काढतात, पण तो पुन्हा येऊन बसतो, कारण तेथील प्रवाहच मंद आहे.

आराखडा यांना माझा प्रश्न आहे. जेथे लाँचखाली पाणीच नाही, तेथे तराफा चिखलात बसेल; मग त्याचा उपयोग काय? माझ्या मते आमच्याकडे धक्का खोल पाण्यापर्यंत लांबवणे हाच खरा उपाय आहे. पर्यटकांच्या पायऱ्या सुधारण्यापूर्वी रोजच्या चाकरमान्यांना धक्क्याला लागण्यापुरते पाणी मिळावे, असे मला वाटते, आणि हे मी कोणाशीही वैर म्हणून लिहीत नाही.

आराखडा

आपले म्हणणे बरोबर आहे. चिखलात टेकलेल्या तराफ्याचा तळ फाटतो, तेव्हा मोऱ्याला केवळ तराफा बसवणे चुकीचे ठरेल. धक्का लांबवताना तो भरीव भिंतीचा न करता खांबांवर उभारावा, म्हणजे पाणी खालून वाहत राहते. भरीव धक्का प्रवाह अडवतो आणि त्याच्या आडोशाला गाळ अधिकच साचतो. मात्र गेटवे आणि मोरा यांपैकी एकच निवडायचे, असे आपण का मानावे, हे मला समजले नाही.

उरणची लेक

कारण आम्हाला आजवर नेहमी दुसरा क्रमांक मिळाला आहे, म्हणून तसे लिहिले.

जुना तांडेल

मांडवेकरांनी चाकाच्या खुर्चीबद्दल जे विचारले, त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कितीतरी वेळा आम्ही अशा प्रवाशांना उचलून आत घेतले आहे. तेव्हा आम्हाला ती मदत वाटत असे, पण उचलल्या जाणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार आम्ही फारसा केला नाही. त्या एका कारणासाठी मी तराफ्याला होकार देतो. शिस्तीबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची वेगवान नौका धडकून घारापुरीची प्रवासी बोट बुडाली, तेव्हापासून जीवरक्षक जाकिटांबाबत कडकपणा आला. हा कडकपणा धक्क्याजवळच्या वेगमर्यादेबाबतही यायला हवा.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. तराफा कोठे आणि कोणत्या दिशेला बसवायचा, हे केवळ कागदावर ठरवू नका. उधाणाच्या दिवशी ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी उतरते, आणि त्या वेळची ओढ सर्वांत कठीण असते. तराफ्याची लांब बाजू त्या ओढीला समांतर असेल, तर लाँच ओढीच्या समोरून येऊन अलगद लागते. ती आडवी असेल, तर ओढ लाँचला एक तर तराफ्यावर दाबते किंवा त्याच्यापासून दूर लोटते, आणि कितीही चांगला तांडेल असला तरी त्याला इंजिनाचा जोर लावावाच लागतो. नकाशा पक्का करण्यापूर्वी आराखडा करणाऱ्यांनी अमावस्येच्या आसपास, ओहोटीच्या मधल्या तासांत, दोन दिवस आमच्याबरोबर लाँचवर उभे राहावे. कोणत्या जागी पाणी कसे ओढते, ते आम्ही दाखवू.