पाच मैत्रिणी, जुलै महिना, पणजी: निवांत जेवायला कुठे बसावं?

सांगलीची_सायली
आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी जुलैच्या मध्यावर पणजीत भेटतोय. एक रात्र नीट तयार होऊन जेवायला जायचंय. शॅक नको, मोठ्यानं गाणी नकोत, बुफे तर नकोच. छोटं, नेटकं ठिकाण हवं, जिथे दोन-अडीच तास बसलं तरी कुणी उठवणार नाही. एक शाकाहारी आहे, एक डुकराचं खात नाही. बाकीच्यांचा डोळा सुरमईवर! पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या भागाबद्दल ऐकलंय. टेबल आधी सांगावं लागतं का?

घाटवाट
व्हिवा पंजिम किंवा हॉटेल वेनिते. दोन्ही जुन्या घरांत आहेत, ३१ जानेवारी रस्त्याच्या आसपास. वेनितेच्या बाल्कन्या सुंदर, पण अगदी चिंचोळ्या. पाचजणी मावणार नाहीत, आतलं टेबल मागा.

मळ्यातली_माई
सायलीताई, मी इथलीच. सुरमईचा हट्ट सोडा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुतेक बर्फातली किंवा लांबून आलेली. इतक्या लांबून येऊन ती का खायची?

पावसाळ्याचं गोव्यातलं जेवण वेगळं असतं आणि मला तेच जास्त आवडतं. उन्हाळ्यात घरोघरी पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाची बेगमी: सुके मासे, कोकमं, उन्हात वाळवलेल्या चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा. बाहेर पाऊस कोसळत असताना चोरीस-पाव खाऊन बघा. सिरक्यातलं सोरपोतेलही मागवा, तोही डुकराच्या मांसाचाच प्रकार, मुरलेला असला की जास्त चवदार लागतो. डुकराचं न खाणाऱ्या मैत्रिणीला चिकन काफ्रेआल सांगा. कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचं वाटण, मूळ मोझांबिककडचं. मासा हवाच असेल तर वेटरला सरळ विचारा, "आज खाडीचं काय आलंय?" चणक किंवा काळुंदर असेल तर रेशाद, म्हणजे लाल मिरची-सिरक्याचा मसाला भरून तळून घ्या.

शाकाहारी मैत्रिणीला पनीरवर ढकलू नका, हे मी कळकळीनं सांगते. मश्रूमची शागुती जवळजवळ सगळीकडे करतात, आणि तिच्यातलं भाजलेलं खोबरं, खसखस, मसाले चिकनच्या शागुतीइतकेच भरभक्कम असतात. फोनवर आधीच सांगा म्हणजे स्वयंपाकघरात वेगळं भांडं ठेवतील. छोट्या जागेत असं ऐकून घेतात, म्हणून तर तिथे जायचं.

टेबलही आधी सांगाच. संध्याकाळी ७.३०ला पोचलात तर मालक-मालकीण दोन शब्द बोलायला मोकळे असतात. ९ वाजले की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि बाहेरचं, अंगणातलं टेबल जुलैत घेऊ नका. पोर्तुगीज वळणाचं, जरा शांत हवं असेल तर रुआ द ओरेम या रस्त्यावर हॉर्सशू नावाचं रेस्टॉरंट आहे. आम्ही मैत्रिणी वाढदिवसाला तिथेच जातो.

हिशेबनीस
बिलाचं सांगतो. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. छापलेलं दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. वाढणाऱ्याला द्यायचे ते पैसे थेट त्याच्या हातात द्या. पिणाऱ्यांचं आणि न पिणाऱ्यांचं बिल मात्र ऑर्डर देतानाच वेगळं करायला सांगा. आमच्या गटात यावरून उगाच रुसवेफुगवे झालेत.

सांगलीची_सायली
माई, मनापासून आभार! सुरमई रद्द. आता दोनच शंका. गाडी कुठे लावायची? आणि गोड काय घ्यायचं?

मळ्यातली_माई
गाडी गल्लीत आणूच नका. वळणं अरुंद आहेत आणि तिथे लोक राहतात, त्यांची दारं अडतात. खाडीपलीकडच्या पाटो भागात लावा आणि खाडीवरच्या पादचारी पुलावरून चालत या, पाचेक मिनिटं लागतील.

गोडात बेबिंक, थराथरांचा गोवन केक. नारळाचं दूध, अंड्यातला बलक, तूप. एक थर वरच्या आचेवर भाजला गेला की मगच त्यावर दुसरा ओतायचा. २०२३मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अंडं असतं, तेव्हा शाकाहारी मैत्रिणीला आधी विचारा. सेरादुरा मात्र तिला चालेल, त्यात साय, कंडेन्स्ड मिल्क आणि बिस्किटांचा चुरा एवढंच. तरी बिस्किटं कुठली वापरतात ते फोनवरच विचारून ठेवा.