मदत हवी आहे: लशीत चिप असते म्हणणाऱ्या बाबांशी बोलायचं कसं?

दादाचं बाळ नऊ महिन्यांचं झालंय, गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचाय. बाबा अडून बसलेत. कोविडमध्ये आई गेली, तेव्हापासून हे सुरू झालं. आधी लशीत चिप, आता 'लशीने मूल स्वमग्न होतं'. तसं सुचवणारा १९९८चा शोधनिबंध तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला, हे दाखवलं तर म्हणाले, "दाबलं त्यांना. तुलाही विकत घेतलंय." (मला घेणार कोण? माझा ईएमआय तरी फिटला असता!)

पुरावा दिला की अजून घट्ट होतात. कट्ट्यावरचे मित्रही तुटले. मला वाटतं, आई अशीच गेली हे सोसवत नाही. कोणीतरी दोषी हवाय.

तुमच्या घरी अशा समजुतींतून कोणी परत आलंय? सुरुवात कुठून केलीत? बुधवारी आशाताई पुन्हा येणार आहेत.