हार्ड डिस्कचा बोर्ड बदलला, तरी डिस्क दिसत नाही – मदत हवी आहे

रेवती_क
१ टीबीची डिस्क बंद पडली. तिच्या खालचा सर्किट बोर्ड तसाच ऑनलाइन मागवून बसवला, नंबर तंतोतंत जुळतो. आता डिस्क फिरते, टकटक करते, थांबते. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोसमध्ये दिसत नाही. दहा वर्षांचे फोटो आहेत, दुसरी प्रत नाही. लवकर सांगा.

टेस्टर
कंपनी कोणती? ३.५ इंची की २.५? बंद पडली म्हणजे नेमकं काय झालं? जुन्या बोर्डावरची रॉम, म्हणजे त्या डिस्कची माहिती साठवणारी चिप, नव्यावर घेतलीत का?

वाटसरू११
आता हार्ड डिस्क घेऊच नका, एसएसडी घ्या. आवाज नाही.

रेवती_क
वेस्टर्न डिजिटल, ३.५, बाहेरच्या डब्यातली. नंबर सारखा असल्यावर रॉम कशाला?

टेस्टर
नवा बोर्ड आधी उतरवा. प्रत्येक डिस्कच्या हेडचं (डेटा वाचणाऱ्या टोकाचं) कॅलिब्रेशन कारखान्यात होतं आणि ते आकडे तिच्याच रॉममध्ये असतात. परक्या आकड्यांवर हेडला ट्रॅक सापडत नाही, म्हणून टकटक. जुन्या बोर्डावर यू१२ छापलंय तिथे आठ पायांची चिप आहे? तीच रॉम. हॉट एअरने ३२०–३५० अंशांवर काढायची, आजूबाजूला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लावायची, बसवताना ठिपका पहिल्या पायाकडे. यू१२ रिकामं असेल तर रॉम मुख्य चिपच्या पोटात आहे, ते घरी होणार नाही.

कावेरीकाठ
चिप भाजायची गरज नाही. सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र), आठ पायांची क्लिप, जुनी रॉम वाचा आणि नव्या बोर्डावरच्या चिपमध्ये लिहा.

टेस्टर
बोर्डावरच क्लिप लावली की मुख्य चिपलाही वीज पोचते आणि वाचन बिघडतं. किमान तीनदा वाचा, तिन्ही फाइली सारख्या आल्या तरच पुढे जा.

गारवा
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, जुना उपाय आहे.

दत्ता_सोल्डर
कृपा करून नको. बाहेर काढताच आत दव धरतं, प्लॅटर, म्हणजे डेटाची चकती, ओली होते. आणि मुळात जुना बोर्ड मेला हे ठरवलं कोणी? ताई, डब्याला अॅडाप्टर कुठला लावला होता?

रेवती_क
लॅपटॉपचा. पिन बसली. डिस्क लगेच गप्प झाली. यू१२ वर चिप आहे.

दत्ता_सोल्डर
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. लॅपटॉपचे १९ व्होल्ट १२च्या लाइनवर गेले. तिथे टीव्हीएस डायोड असतो, जादा व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागचं वाचवतो. जुना बोर्ड डिस्कपासून सुटा असतानाच तपासा. मल्टिमीटर २०० ओहमवर. सॅटा पॉवरच्या १५ पिनांत ७-८-९ वर ५ व्होल्ट, १३-१४-१५ वर १२, आणि १२ नंबरची पिन ग्राउंड. १२ ते १३ मध्ये एक ओहमच्या आत रीडिंग आलं तर सॉकेटजवळचा तो काळा डायोड शॉर्ट आहे. काढून टाका, जागा रिकामी ठेवा. आता संरक्षण नाही, म्हणून वीज कॉम्प्युटरच्या चांगल्या एसएमपीएसची (पॉवर सप्लायची)च. हेडचे पॅड काळे असतील तर खोडरबर आणि आयसोप्रोपिलने पुसा.

टेस्टर
मोटर ड्रायव्हरही (मोटर फिरवणारी चिप) गेला असेल तर?

दत्ता_सोल्डर
तर रॉम नव्या बोर्डावर हलवायचीच. पण मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, चिपचे पाय तुटले तर सगळं संपतं.

रेवती_क
०.५ ओहम होतं. डायोड काढला, जुना बोर्ड परत बसवला. डिस्क फिरली, टकटक नाही, बायोसमध्ये नाव आलं! विंडोज ‘इनिशियलाइज’ विचारतंय, हो म्हणू?

टेस्टर
अजिबात नाही, त्याने डिस्कवर नवं लिहिलं जातं! विंडोज बंद करा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने, मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) ठेवून, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पूर्ण क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. डब्यातलं यूएसबी कार्ड टाकू नका. काही कार्डं पासवर्ड नसतानाही डेटा एन्क्रिप्ट करतात, थेट सॅटावर तो कोराच दिसतो. कार्डावर काय छापलंय ते लिहा.

रेवती_क
क्लोन लावलाय, ४ टक्के, एकही एरर नाही. कार्डाचा नंबर भिंगातून बघून सांगते.